सांत्वन आणि कैवार : मराठी ख्रिस्ती साहित्यातील संकटकाळचा श्रद्धानुभव

१. प्रास्ताविक

संकटात श्रद्धा माणसाला धीर देते, हे विधान इतके सर्वपरिचित आहे की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा भासत नाही. श्रद्धावंताला ते स्वयंसिद्ध वाटते, तर बुद्धिवाद्याला त्यात पलायनाची कबुली दिसते. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासातही हा प्रश्न बाजूलाच राहिला आहे. पदव्युत्तर वर्गांत ‘स्मृतिचित्रे’ शिकविले जाते ते त्यातील प्रांजळपणा आणि विनोद यांसाठी. रेव्हरंड ना. वा. टिळक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून परिचित असतात आणि पंडिता रमाबाई स्त्रीसुधारक म्हणून. या तिघांनी ख्रिस्तावरील विश्वासाविषयी जे लिहिले, ते मात्र चरित्राची पार्श्वभूमी किंवा धर्मप्रचाराचा भाग मानून पुढे जाण्याची प्रथा दिसते. वस्तुतः दुष्काळ, अपत्यवियोग, वैधव्य, बहिष्कार आणि साथीचे रोग यांच्याशी झुंजत असता या लेखकांनी ज्या आधाराची भाषा घडविली, ती त्यांच्या साहित्याच्या केंद्रस्थानी आहे.

हा आधार नेमका कोणत्या स्वरूपाचा होता? त्याने दुःख पुसून टाकले, दुःखाचा अर्थ लावून दिला, की आणखी काही केले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यासाठी प्रथम बायबलमधील सांत्वनाची कल्पना पाहून, नंतर ‘क्रिस्तपुराण’, रमाबाईंचे आत्मपर लेखन, टिळकांची अभंगरचना आणि लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ यांच्या आधारे तिचे मराठी रूप शोधले आहे.

२. बायबलमधील सांत्वनाची कल्पना

योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचा निरोप घेताना त्यांना एक साहाय्यक देण्याचे अभिवचन देतो. मूळ ग्रीक शब्द ‘पाराक्लेतोस’. ‘मदतीसाठी जवळ बोलावलेला’ हा त्याचा व्युत्पत्त्यर्थ होय. न्यायसभेत आरोपीच्या बाजूने उभा राहणारा, असाही अर्थ त्यात आहे. मराठी बायबलमध्ये या ठिकाणी ‘कैवारी’ हा शब्द रूढ झाला. ही योजना अत्यंत अर्थपूर्ण आहे. सांत्वन करणारा दुःखिताचे अश्रू पुसतो, कैवारी दुःखिताची बाजू घेतो. सांत्वन शब्दांनी होऊ शकते, कैवार घेण्यासाठी मात्र जवळ यावे लागते आणि प्रसंगी स्वतः झीज सोसावी लागते. ख्रिस्ती श्रद्धेतील आधाराचे मर्म या एका शब्दात बरेचसे सामावले आहे.

या आधाराची पहिली अवस्था गाऱ्हाण्याची आहे. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी फार मोठा भाग विलापाचा आणि तक्रारीचा आहे. देव दूर का राहिला, तो विसरला काय, असे प्रश्न तेथे उघडपणे विचारले जातात. ‘विलापगीत’ हा तर एक स्वतंत्र ग्रंथच आहे. ईयोबाच्या ग्रंथात त्याचे मित्र त्याला समजावीत राहतात की, दुःख हे पापाचेच फळ असते. अखेरीस देव दोष देतो तो या समजावणाऱ्या मित्रांना, आणि तक्रार करणाऱ्या ईयोबाला मात्र खरे बोलल्याचे श्रेय देतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. दुःखाचा हिशेब दुःखिताच्या माथी मारण्यास दिलेला हा नकार, पूर्वकर्माच्या कल्पनेत वाढलेल्या मराठी वाचकाला विशेष जाणवणारा होता.

दुसरी अवस्था सोबतीची. गेथशेमाने बागेत येशू स्वतः व्याकूळ होतो. क्रुसावर त्याच्या मुखातून जो आक्रोश निघतो, तो बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा आहे, म्हणजे विलापाचाच. या श्रद्धेतील देव दुःखाच्या पलीकडे राहून दया करीत नाही, तो दुःखाच्या आत उतरतो. तिसरी अवस्था सेवेची. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या प्रारंभी पौल सांगतो की, देवाकडून मिळालेले सांत्वन इतर संकटग्रस्तांना देता यावे म्हणून मिळालेले असते. गाऱ्हाणे, सोबत आणि सेवा या तीन अवस्था ध्यानात घेतल्या म्हणजे मराठी ख्रिस्ती साहित्यातील अनुभव अधिक स्पष्टपणे उलगडतो.

३. ‘क्रिस्तपुराण’ : हरवलेल्या कथेची भरपाई

इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे ‘पैले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ असे दोन भाग आहेत. पहिल्यात जुन्या कराराची कथा आहे, तर दुसऱ्यात ख्रिस्ताचे जन्म, कार्य, दुःखसहन आणि पुनरुत्थान यांचे निरूपण आहे.

या ग्रंथाच्या निर्मितीचा काळ साष्टीतील लोकांच्या दृष्टीने शांततेचा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, जुन्या पुराणांच्या वाचनास बंदी होती आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रक्तपात झाला होता. नवख्रिस्ती समाजाची जुनी कथा हरवली होती आणि नवी अजून स्वतःच्या भाषेत मिळालेली नव्हती. एका अर्थी हा समाज कथेवाचून पोरका झालेला होता. स्टीफन्स यांनी ही उणीव ओळखली आणि ओवीच्याच छंदात, पुराणाच्याच घाटात त्याला नवी कथा दिली. ज्या सत्तेच्या छायेत हे घडले, त्याच सत्तेने ती पोकळी निर्माण केली होती, ही गोष्ट येथे दृष्टिआड करता येत नाही. तथापि दुःख सोसणाऱ्या ख्रिस्ताची कथा ऐकणाऱ्याच्या बोलीजवळच्या भाषेत आली, आणि पुढे ती सत्तेच्या हातात न राहता लोकांची झाली, हेही तितकेच खरे.

याचे प्रत्यंतर कानडा किनाऱ्यावर येते. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने मंगळूर परिसरातील ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणकडे नेले. ही कैद १७९९ पर्यंत चालली. त्या काळात ‘क्रिस्तपुराणा’च्या पठणाने या लोकांना तग धरण्याचे बळ दिले, असे त्या समाजात परंपरेने सांगितले जाते. ग्रंथाची महत्त्वाची आवृत्ती १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी मंगळूर येथेच काढली, ही गोष्टही त्या परंपरेचा जिवंतपणा सूचित करते. वनवासात आणि बंदिवासात रामकथा म्हणणाऱ्या भारतीय माणसाला अपरिचित वाटावे असे यात काही नाही. सामुदायिक पठणात आपले दुःख एका मोठ्या कथेचा भाग होते आणि एकट्याचे राहत नाही. सोबतीचा अनुभव येथे प्रथम सामूहिक रूपात दिसतो.

४. पंडिता रमाबाई : भुकेची स्मृती आणि सेवा

रमाबाईंच्या जीवनातील संकटांची यादी दीर्घ आहे. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण आणि तारुण्याचा आरंभ तीर्थयात्रांत आणि पुराणकथनात गेला. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण यांचा मृत्यू झाला. उपासमारीने हतबल झालेल्या वडिलांनी जलसमाधी घेण्याचा विचार केला होता, असे रमाबाईंनी नमूद केले आहे. पुढे भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या उत्तर भारतात भटकत राहिल्या. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे करून त्यांत स्वतःला झाकून घेण्याचा प्रसंग त्यांच्या आठवणींत येतो. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. हाती एक लहान मुलगी, मनोरमा, उरली.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. या घटनेचा अर्थ केवळ दुःखातून सुटका असा लावणे योग्य होणार नाही. बाप्तिस्म्यानंतरही त्यांचे प्रश्न संपले नाहीत. चर्चच्या अधिकाराविषयी आणि धर्ममतांविषयी त्यांनी तेथील धर्मभगिनींशी परखड वाद केला. १९०७ च्या आपल्या साक्षपर लेखनात त्यांनी मान्य केले आहे की, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र काही वर्षांनंतर सापडला. धर्म आणि श्रद्धा यांतील हा भेद प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने कळीचा आहे. धर्म बदलल्याने आधार आपोआप मिळत नाही. तो मिळाला तो, आपण आहोत तशा स्वीकारल्या गेलो आहोत, या जाणिवेतून.

ही जाणीव अंतर्मुख समाधानात थांबली नाही. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास आले. तेथील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याच्या कारणाने १८९३ मध्ये वाद विकोपाला गेला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. श्रद्धेने येथे आधार दिला तसे एकाकीपणही दिले. यानंतर १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःच्या उपासमारीची आठवण रमाबाईंना स्वस्थ बसू देईना. त्या तेथे गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना व बालविधवांना आपल्यासोबत घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार यातूनच झाला. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना यांतून या स्त्रियांना काम मिळाले आणि पतित समजल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभे राहिले.

भुकेचा अनुभव घेतलेली व्यक्ती भुकेल्यांचा कैवार घेते, हा पौलाच्या पत्रातील तत्त्वाचा प्रत्यक्ष आचार होय. दुष्काळ का पडला, आई का गेली, याचे उत्तर रमाबाईंना मिळाले असे त्यांच्या लेखनावरून दिसत नाही. त्या स्मृतीचे काय करावे, हे मात्र त्यांना कळले. जुलै १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. आयुष्यभर जिला सांभाळले ती एकुलती मुलगी गेल्यावरही मूळ भाषांतून चाललेले बायबलच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांचे भाषांतर त्यानंतर प्रसिद्ध झाले.

५. रेव्हरंड टिळक : अभंगातील जवळीक

नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने टिळकांना नवा करार दिला, ही घटना सर्वज्ञात आहे. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. या प्रवचनाच्या आरंभीच शोक करणाऱ्यांना धन्य म्हटले आहे, हे लक्षणीय आहे. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी, मुलगा, आप्त व समाज यांच्यापासून ते तुटले.

ख्रिस्ती झाल्यानंतर टिळकांपुढे जो वाङ्मयीन प्रश्न उभा राहिला, तो प्रस्तुत विषयाशी निगडित आहे. इंग्रजी स्तोत्रांच्या चालींवर बसविलेली भाषांतरित गीते मराठी चर्चमध्ये गाइली जात. रडताना माणूस भाषांतरित भाषेत रडत नाही. दुःखाच्या क्षणी ओठांवर येते ती आजीच्या तोंडून ऐकलेली ओवी किंवा देवळात ऐकलेला अभंग. टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंग, पद, भजन आणि कीर्तन यांची वाट करून दिली. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे. वारकरी संतांनी विठ्ठलाला माउली म्हटले, देवाशी भांडण केले, त्याच्यावर रुसवा धरला. ही सलगी टिळकांनी ख्रिस्ताच्या संदर्भात उपयोजिली. न्यायाधीशाच्या आसनावरील देवापेक्षा आईच्या मायेने जवळ घेणारा गुरू त्यांच्या रचनेत अधिक ठळक होतो.

बायबलमधील विलापस्तोत्रे आणि संतांची करुणापर रचना यांचा मेळ येथे बसतो. दोन्हींत देवाला जाब विचारण्याची मुभा आहे आणि दोन्हींत ती जवळिकीतूनच येते, कारण परक्याजवळ कोणी रुसत नाही. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातून टिळकांची अनेक पदे घरोघर पोहोचली. त्यांचे वाङ्मयीन मूल्य ठरविताना केवळ कल्पनाविलास व शब्दकळा पाहणे पुरेसे नाही. आजारी माणसाच्या उशाशी किंवा प्रेतयात्रेच्या वेळी एखादे पद समूहाला म्हणता येते काय, ही कसोटीही त्यांना लावावी लागते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या वेतनाचा त्याग करून ‘देवाचा दरबार’ या कल्पनेला वाहून घेतले. पाश्चात्त्य संस्थांचे पाठबळ म्हणजे श्रद्धेचा आधार नव्हे, हे त्यांनी आचरणातून दाखवून दिले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

६. लक्ष्मीबाई : ज्या श्रद्धेने घर मोडले

संकटकाळचा श्रद्धानुभव सर्वांत गुंतागुंतीच्या रूपात प्रकट होतो तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये. या ग्रंथाचा आरंभच एका भयाने होतो. १८५७ च्या धामधुमीत कुटुंबावर फाशीचा प्रसंग कोसळला आणि त्याच्या धक्क्याने लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या अतिरेकात गुरफटले. घरातील माणसांना त्याचा अतोनात जाच झाला. संकटाने घाबरलेला माणूस धर्माच्या आश्रयाला जातो आणि तो आश्रयच इतरांसाठी तुरुंग होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. लक्ष्मीबाई ते विनोदाने सांगतात, म्हणून त्यातील दाहकता नजरेतून निसटू नये. धर्माचा आधार खोटाही असू शकतो, याची जाणीव या आत्मकथनात पहिल्या पानांपासून आहे.

पुढे टिळकांच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहानग्यांचे मृत्यू त्यांनी पूर्वीच सोसले होते. आता पती जिवंत असूनही दुरावला. आप्तांच्या आश्रयाने, पंढरपूरसारख्या ठिकाणी, त्यांनी विरहाचे दिवस काढले आणि त्याच काळात मनातील कोंडी पद्यातून मोकळी केली. ख्रिस्ती श्रद्धा त्यांच्या आयुष्यात प्रथम आली ती दिलासा म्हणून नव्हे, आपत्ती म्हणून. एकाच्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, ही वस्तुस्थिती धर्मांतराच्या गौरवकथांत बहुधा झाकली जाते. लक्ष्मीबाईंनी ती झाकली नाही आणि टिळकांवरील प्रेमापोटी सौम्यही केली नाही.

त्या टिळकांकडे परतल्या त्या सोवळेओवळे सांभाळूनच. जातिभेद ईश्वराने निर्माण केलेला नाही, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून गेलेली बायको, एवढेच या घटनेचे वर्णन करणे अन्यायकारक ठरेल. ज्या श्रद्धेने घर मोडले, तिच्याकडे त्यांनी काही वर्षे संशयाने पाहिले, तिची पारख केली आणि मगच ती आपली म्हटली. अहमदनगरच्या वास्तव्यात प्लेगची साथ आली, तेव्हा आजारी मुलींच्या शुश्रूषेला त्या पुढे झाल्या. शिवाशिवीच्या भयात वाढलेली मुलगी साथीच्या रोग्याला हात लावते, हे स्थित्यंतर कोणत्याही धर्मतत्त्वाच्या विवेचनापेक्षा अधिक बोलते. भयाचे रूपांतर स्पर्शात होणे, हाच या श्रद्धेचा लक्ष्मीबाईंच्या जीवनातील पुरावा होय.

टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पूर्ण केले. औपचारिक शिक्षण नसलेल्या स्त्रीने पंडित पतीचे काव्य तडीस न्यावे, यातील वाङ्मयीन धाडस थोर आहेच. शोकाच्या दृष्टीनेही त्याला अर्थ आहे. ज्या ख्रिस्तकथेमुळे एकेकाळी ती दोघे दुरावली, तीच कथा लिहिताना पतीचा सहवास शब्दांतून टिकून राहिला. हेही एक सांत्वनच, परंतु ते कष्टसाध्य आहे. १९३६ मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले.

७. मर्यादा आणि निष्कर्ष

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. दुःखात सोबत करणारा देव मिळाला की, दुःख निर्माण करणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध माणूस लढत नाही, असे म्हटले जाते. ख्रिस्ती इतिहासात याची उदाहरणे नाहीत असे नाही. सोसण्याचे उदात्तीकरण करून, विशेषतः स्त्रियांना, मुकाट राहण्याचा उपदेश केला गेलेला आहे. मात्र ज्या तीन अवस्थांचा निर्देश वर केला, त्यांपैकी पहिली आणि तिसरी वगळली तरच असे घडते. गाऱ्हाण्याला जागा नसलेली श्रद्धा माणसाला मुके करते आणि सेवेकडे न नेणारी श्रद्धा आत्ममग्न करते. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्या लेखनात हे दोन्ही दोष टळले, याचे कारण त्यांनी आधार स्वीकारताना प्रश्न विचारण्याचा हक्क सोडला नाही.

दुसरी मर्यादा अभ्यासाची आहे. येथे विचारात घेतलेले तिन्ही आधुनिक लेखक ब्राह्मण कुटुंबांतून आलेले आहेत. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग दलित जातींतून आला. त्यांच्या दृष्टीने संकट म्हणजे एखादा प्रसंग नव्हता, ती पिढ्यानुपिढ्यांची स्थिती होती. त्यांचा अनुभव छापील ग्रंथांपेक्षा भजनांत, साक्षींत आणि घरगुती प्रार्थनांत अधिक सापडतो. मौखिक साहित्याच्या अभ्यासकांनी तिकडे वळणे अगत्याचे आहे.

या मर्यादा मान्य करूनही एवढे म्हणता येते की, मराठी ख्रिस्ती साहित्याने संकटकाळच्या श्रद्धेला तीन गोष्टी दिल्या : ‘क्रिस्तपुराणा’ने सामूहिक कथेचा आश्रय, टिळकांनी आपल्या भाषेत देवाशी बोलण्याची सलगी, आणि रमाबाई व लक्ष्मीबाईंनी सोसलेल्या दुःखाचे सेवेत रूपांतर करण्याची वाट. या लेखकांना दुःखाचे स्पष्टीकरण मिळाले नाही आणि मिळाल्याचा आवही त्यांनी आणला नाही. आपली बाजू घेणारा कोणीतरी आहे, एवढा विश्वास त्यांना मिळाला आणि त्या विश्वासाच्या बळावर ते दुसऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. मराठी बायबलने ‘कैवारी’ हा शब्द स्वीकारला, तेव्हा त्यात अभिप्रेत असलेला अर्थ या जीवनांनी आणि या ग्रंथांनी सिद्ध केला. त्यामुळे या साहित्यकृतींचे मूल्यमापन करताना त्यांतील श्रद्धा वगळली, तर केवळ त्यांचा आशयच उणावतो असे नाही, त्यांच्या भाषेचा आणि रूपाचा उगमही अनाकलनीय राहतो.